मॅपवर काळं दिसलं म्हणजे आकाश काळं असेलच असं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: लाईट पोल्युशनच्या मॅपवर अगदी काळीकुट्ट दिसणारी जागा शोधली, दहा-एक लाख वस्तीच्या शहरापासून पस्तीस किलोमीटरवर, मोठ्या तलावाच्या काठी, अमावस्येची रात्र धरून गेलो, ढग नव्हते, तरी आकाश राखाडीच दिसलं आणि आकाशगंगा म्हणजे फळ्यावर पुसायची राहिलेली खडूची रेघ. चुकलं कुठे, आणि खरोखर चांगली जागा शोधायची कशी?

चुकलं ते मॅप वाचताना. ही चूक मी स्वतः पण केलेली आहे, एकदा नाही, चांगली तीन-चार वेळा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

या मॅपवर दोन वेगळ्या गोष्टी एकाच खिडकीत दाखवतात आणि बहुतेकांच्या ते लक्षातच येत नाही. एक लेयर असते जमिनीवरच्या दिव्यांची. २०११ मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावर व्हिअर्स नावाचा सेन्सर आहे, तो रात्री वरून खाली बघतो आणि कुठल्या चौकोनातून किती उजेड वर येतोय ते नोंदवतो. आता तलावात कोण दिवे लावणार? म्हणून तलाव काळा. जंगल काळं, डोंगर काळा, भर शहरात मोठं पाणी असेल तर ते पण काळं. पण तुम्ही वर बघायला गेला होतात ना, आणि वरच्या हवेत पस्तीस किलोमीटरवरच्या शहराचा उजेड पसरून बसलेला होता. दुसरी लेयर असते आकाशाच्या उजेडाची, म्हणजे फाब्यो फाल्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला जागतिक ॲटलास, त्यात या दिव्यांचा उजेड हवेत कुठवर विखुरतो याचं गणित करून प्रत्येक ठिकाणचं आकाश किती उजळलंय ते काढलंय. जागा शोधायची तर ही लेयर चालू करा आणि पहिली बंद. त्याच अभ्यासात निघालं होतं की जगातली ८० टक्क्यांहून जास्त माणसं उजळलेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशाहून जास्त लोकांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसतच नाही, म्हणजे तुमची तक्रार काही जगावेगळी नाहीये.

ॲटलास चांगला आहे, पण तोही डोळे मिटून मानू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो फक्त डोक्यावरच्या बिंदूचा उजेड सांगतो, खालचं क्षितिज कसं आहे त्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. मॅपवर एकाच रंगात असलेल्या दोन जागा घ्या, एकीला चारी बाजूंनी लहान लहान गावांचा उजेड, दुसरीला एकाच बाजूला मोठं शहर आणि बाकी तिन्ही बाजू मोकळ्या. माझ्यासाठी दुसरी जागा पहिलीपेक्षा कितीतरी वरचढ, पण मॅपला दोघी सारख्याच. शिवाय त्यातली माहिती आता जुनी झालीय. २०११ ते २०२२ या काळात हौशी लोकांनी नुसत्या डोळ्यांनी तारे बघून पन्नास हजारांवर नोंदी केल्या, जास्त करून युरोप आणि उत्तर अमेरिकेतून, त्यावरचा अभ्यास २०२३ मध्ये आला आणि त्यात आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतोय असं दिसलं, म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. आणि गंमत अशी की उपग्रहाला ही वाढ नीट दिसतच नाही, कारण व्हिअर्सला निळा प्रकाश दिसत नाही, आणि नवीन पांढऱ्या एलईडी दिव्यांत निळा भरपूर असतो, आणि हवेत सगळ्यात जास्त विखुरतो तो निळाच, म्हणजे मॅपवर गाव होतं तेवढंच राहतं आणि तिथे उभ्या माणसाला आकाश उजळलेलं दिसतं. त्यात भर म्हणजे हा उपग्रह वरून जातो रात्री दीडच्या सुमारास, तेव्हा निम्मी दुकानं, मैदानं, जाहिरातींचे फलक बंद झालेले असतात, तुम्ही मात्र आठ वाजता दुर्बीण मांडून बसलेले असता.

आता अंतराचं गणित. मर्ल वॉकर म्हणून एक खगोलशास्त्रज्ञ होता, त्याने १९७० च्या दशकात शहरांच्या उजेडाची मोजमापं घेऊन एक ढोबळ नियम काढला, की शहराचा उजेड लोकसंख्येच्या प्रमाणात वाढतो आणि अंतराच्या अडीचाव्या घाताने कमी होतो. म्हणजे अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण साडेपाच पटीने खाली. दहा लाखांचं शहर पस्तीस किलोमीटरवर असेल तर त्या शहराच्या दिशेला, क्षितिज आणि माथा यांच्या बरोबर मध्ये, नैसर्गिक उजेडाच्या वर आणखी १३८ टक्के उजेड येतो, म्हणजे आकाश दुपटीहून जास्त उजळ. सत्तर किलोमीटरवर हीच भर २४ टक्क्यांवर येते आणि शंभर किलोमीटरवर १० टक्क्यांवर. नियम सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या काळातला आहे, त्यामुळे आकडे तंतोतंत घेऊ नका, पण तुमचा तलाव का फसला ते यात दिसतं, आणि पहिल्या सत्तर किलोमीटरला जेवढा फायदा मिळतो तेवढा पुढच्या दोनशेला मिळत नाही हे पण दिसतं. म्हणून मी लोकांना सांगतो की रात्रभर गाडी हाकून पार टोकाला जायच्या आधी साठ ते शंभर किलोमीटरचा पट्टा नीट चाळून काढा.

आणि चाळायचा कसा, तर आधी ठरवा की बघायचंय काय. हे लोक विचारतच नाहीत, सगळ्यांना फक्त अंधार हवा असतो. उजेड कुठल्या बाजूला आहे हे पहिलं, किती आहे ते नंतर. समजा तुम्ही उत्तर गोलार्धात मधल्या अक्षांशावर आहात आणि तुम्हाला आकाशगंगेचा तो भरदार भाग बघायचाय, धनु-वृश्चिकाकडचा, तर तो दक्षिणेलाच दिसणार आणि फार वर चढणार नाही. आकाशगंगेचं केंद्र साधारण उणे २९ अंश क्रांतीवर, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला आहे, म्हणजे ३० अंश उत्तर अक्षांशावरून ते जास्तीत जास्त ३१ अंश वर येतं आणि ५० अंशावरून जेमतेम ११ अंश. तेव्हा शहराच्या दक्षिणेला जा, म्हणजे शहराचा उजेड पाठीशी उत्तरेला राहील. तेवढ्याच अंतरावर शहराच्या उत्तरेला गेलात तर नेमका हवा तो भाग शहरावर दिसणाऱ्या उजेडाच्या घुमटात बुडणार, डोक्यावरचा अंधार दोन्हीकडे सारखाच असूनही. उलट देवयानी, शर्मिष्ठा, ययाती हे तारकासमूह बघायचे असतील तर उत्तरेचा उजेड नडतो. पहाटे उगवणारा धूमकेतू असेल तर पूर्व मोकळी हवी, संध्याकाळचा असेल तर पश्चिम. मी स्वतः एकच जागा धरून बसत नाही, तीन जागा ठेवल्यात, एक दक्षिणेसाठी, एक पूर्वेसाठी, आणि एक नुसती जवळची, आळसासाठी.

उजेडाचे दोन प्रकार आहेत हे पण डोक्यात वेगळं ठेवा. एक आकाशात चढलेला, त्याला तुम्ही काहीच करू शकत नाही. दुसरा थेट अंगावर येणारा, म्हणजे दोनशे मीटरवरच्या घराचा एक बल्ब, वळणावरून फिरणारे हेडलाईट, शेजारच्या माणसाचा मोबाईल. एकट्या बल्बने आकाश काही उजळत नाही, तो फक्त तुमचे डोळे बिघडवतो, आणि त्याच्यावर उपाय आहे, गाडी आडवी लावा, झाडाआड बसा, नाहीतर सरळ डोक्यावरून काळं जाड कापड घ्या. कापड घेऊन दुर्बिणीत डोकं खुपसलेला माणूस लांबून भुतासारखा दिसतो पण फरक पडतो, खरंच पडतो. एक बल्ब दिसला म्हणून चांगली जागा सोडून देणारे लोक मी बघितलेत, आणि एकही बल्ब दिसत नाही म्हणून शहराच्या घुमटाखाली खूश होऊन बसलेले पण बघितलेत.

डोंगराबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की डोंगराआड गेलं की शहर गेलं. डोंगर थेट दिवे अडवतो, क्षितिजालगतचा सगळ्यात दाट उजेड पण अडवतो, ते चांगलंच, पण त्याच्या माथ्याच्या वरच्या हवेत चढलेला उजेड तो कसा अडवणार? त्यामुळे डोंगर शहराच्या बाजूला असेल तर बोनस समजा, आणि बघायच्या बाजूला असेल तर तो तुमचं आकाशच खाणार.

मॅपवरून चार-पाच जागा निघाल्या की एकदा दिवसा जाऊन या. दिवसा काय बघायचं, तर खांब कुठे आहेत, रस्त्याचं वळण तुमच्याकडे तोंड करून आहे का, जमीन कुणाची आणि परवानगी कुणाकडून घ्यायची, गाडी वळवायला जागा आहे का, फोनला रेंज येते का, आणि जवळपास रात्रपाळीचं काही काम चालतं का. हे शेवटचं मी एकदा विसरलो. एका पठारावर दिवसा जाऊन सगळं बघून आलो, अगदी खूश, पुढच्या आठवड्यात पाच जणांना घेऊन गेलो तर दीड किलोमीटरवरच्या खाणीत रात्रीचं काम चालू, उंच खांबांवर फ्लडलाईट, आणि धुळीने तो उजेड असा फुगवलेला की पश्चिमेला दुसरा सूर्य मावळतोय असं वाटावं. दिवसा तिथे मला फक्त एक खड्डा दिसला होता. मॅपवर एकटाच ठळक ठिपका दिसला तर तो गाव असेल असं धरू नका, खाण असेल, काचघरं असतील, तेलविहिरीवर जळणारा वायू असेल, समुद्रात असेल तर रात्रीची मासेमारी करणाऱ्या बोटी असतील, आणि बोटी तर आज इथे तर उद्या तिथे.

मग रात्री एकदा नुसतं तपासायला जा, दुर्बीण न घेता. ही ट्रिप लोकांना फुकट वाटते पण मला विचाराल तर हीच खरी. वही घ्या, मंद लाल टॉर्च घ्या, अर्धा तास गप्प बसा, आणि मग हात लांब करून मूठ धरा. लांब हाताची मूठ म्हणजे साधारण १० अंश. आठ दिशा घ्या, पूर्वेपासून ईशान्येपर्यंत, आणि प्रत्येक दिशेला क्षितिजावरचा उजेडाचा घुमट किती मुठी उंच आहे ते मोजा. अर्धी मूठ म्हणजे विसरून जा, एक मूठ चालतं, तीन मुठी असेल तर ती दिशा गेली. माझ्या वहीत प्रत्येक जागेचं एक वेडंवाकडं वर्तुळ आहे, भोवती आठ आकडे, आणि वर्षानुवर्षांचे हे आकडे बघितले की कुठलं गाव वाढतंय तेही कळतं. मोबाईलचा कॅमेरा मॅन्युअल मोडला टाकून स्टँडवर लावा, १५ सेकंद, आयएसओ १६००, व्हाईट बॅलन्स फिक्स, आणि चार दिशा आणि एक डोक्यावर असे पाच फोटो काढा, मात्र सेटिंग प्रत्येक जागी तीच ठेवा, नाहीतर दोन जागांची तुलनाच होत नाही. ऑटोवर काढलेला फोटो सगळीकडे सारखाच सुंदर येतो, त्याचा इथे उपयोग शून्य.

आकडा हवा असेल तर स्काय क्वालिटी मीटर मिळतो, लोक एसक्यूएम म्हणतात, काडेपेटीहून जरा मोठा डबा, वर धरून बटण दाबलं की आकाशाच्या एका चौरस विकलेतून (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) किती प्रतीचा उजेड येतोय ते सांगतो. प्रत म्हणजे ताऱ्यांचं तेज मोजायची उलटी पट्टी, आकडा वाढला की तेज कमी. आकडा मोठा म्हणजे अंधार जास्त. भर शहरात १७-१८, उपनगरात १९-२०, २१ च्या पुढे आकाशगंगा नीट उठून दिसायला लागते, २१.५ म्हणजे चांगली जागा, आणि २२ ही निसर्गाचीच हद्द. एका आकड्याचा फरक म्हणजे अडीच पट, त्यामुळे १७.५ आणि २१.५ मध्ये चाळीस पटीचा फरक आहे, ऐकायला फक्त चार वाटतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा, आकाशगंगा डोक्यावर असेल तर तिच्याच उजेडाने आकडा थोडा खाली येतो, आणि सूर्य जोरात असेल तेव्हा, म्हणजे सौरचक्राच्या शिखराच्या आसपास, वरच्या वातावरणाची स्वतःची मंद चमक वाढते, मग एकही दिवा नसलेल्या ठिकाणी पण २२ येत नाही. आत्ताच्या चक्राचं शिखर २०२४-२५ च्या आसपास आलं, तेव्हा लोक उगाच नवीन गावांना शिव्या घालत होते.

मीटर नसला तरी अडत नाही, तारेच मीटर आहेत. ध्रुवमत्स्य बघा, म्हणजे ध्रुवतारा ज्या छोट्या सप्तर्षीच्या टोकाला आहे तो, त्यातले दोन तारे दुसऱ्या प्रतीचे, एक तिसऱ्या, तीन चौथ्या आणि साडेचारच्या मधले, आणि एक पाचव्या प्रतीचा. शहरात दोन-तीनच दिसतात. सातही सहज दिसले तर जागा बरी आहे म्हणायची. ध्रुव फार खाली असेल किंवा दिसतच नसेल अशा अक्षांशांवर हे चालत नाही, तिथे भाद्रपदांचा चौकोन, म्हणजे चार ठळक ताऱ्यांचा तो मोठा चौकोन घ्या आणि त्याच्या पोटात किती तारे दिसतात ते मोजा, शहरात पोट रिकामं, अंधारात डझनभर. देवयानी दीर्घिका ३.४ प्रतीची आहे, ती साध्या गावाबाहेर पण दिसते, तिचं कौतुक नको, पण त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही दीर्घिका ५.७ प्रतीची आणि पसरट, ती नुसत्या डोळ्यांनी दिसली तर त्या जागेचा पत्ता कुणाला सहज सांगू नका. जॉन बॉर्टल या अमेरिकन निरीक्षकाने २००१ मध्ये जी नऊ पायऱ्यांची बॉर्टल स्केल मांडली ती अशाच खुणांवर उभी आहे, १ म्हणजे निखळ अंधार आणि ९ म्हणजे शहराचा मध्य. मॅपवर क्लिक केलं की जो बॉर्टल आकडा येतो तो नुसता गणितातून काढलेला अंदाज असतो, बॉर्टलला अपेक्षित होतं ते तिथे उभं राहून बघणं.

माझी सगळ्यात आवडती खूण ढगांची आहे. शहराजवळ ढग उजळ दिसतात कारण खालून त्यांच्यावर उजेड पडतो. खऱ्या अंधारात ढग काळे दिसतात, आकाशापेक्षा काळे. पहिल्यांदा मी हे बघितलं तेव्हा मला कळेनाच काय चाललंय, हंस तारकासमूहाच्या शेपटीकडचे तारे एकेक करून गायब व्हायला लागले, कडा फाटक्या असलेलं एक भोक आकाशात सरकत होतं, त्याला रंग नाही, काही नाही, नुसता ताऱ्यांचा अभाव, पाच मिनिटांनी पेटली की हा ढग आहे. दुसरी खूण म्हणजे संधिप्रकाश पूर्ण संपल्यावर पश्चिमेला, किंवा पहाटे पूर्वेला, क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या बाजूने वर चढणारा तो फिक्का तिरका शंकू. सूर्यमालेतल्या धुळीवरून परतलेला सूर्यप्रकाश आहे तो. क्वीन बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे याची २००७ मधली पीएचडी याच धुळीवर आहे, अर्धवट सोडलेला प्रबंध त्याने तीसेक वर्षांनी पुरा केला. नवखे लोक या शंकूला शहराचा उजेड समजतात, मी एकदा याच्यापायी चांगली जागा बाद केली होती.

अंधारानंतर हवा. धूळ, धूर आणि बाष्प यांचा बहुतेक माल खालच्या एक-दोन किलोमीटरच्या थरातच असतो, म्हणून हजार-दीड हजार मीटर वर गेलं की तेच शहर तेवढ्याच अंतरावरून कमी त्रास देतं. पाऊस होऊन गेल्यावरची पहिली निरभ्र रात्र हवा धुतलेली असते, ती सोडू नका. बर्फ पडलेला असेल तर उलटं, जमीनच आरसा होते आणि दिव्यांचा बराच जास्त उजेड वर जातो. खोलगट जागा आणि पाण्याचा काठ टाळा, तिथे गारवा साचतो, धुकं धरतं आणि भिंगावर दव बसतं. हवामानाच्या ॲपवर नुसतं निरभ्र लिहिलंय का एवढंच बघू नका, वरचे, मधले आणि खालचे ढग वेगळे बघा, वरचे पातळ ढग दिवसा जाणवत पण नाहीत आणि रात्री सगळा मामला मिळमिळीत करून टाकतात. फार उंचावर जाण्याचा पण तोटा आहे, ऑक्सिजन कमी पडला की डोळ्यांची अंधारातली नजर मंदावते, हवाईच्या मौना केआ शिखरावर, ४२०० मीटरवर, नुसत्या डोळ्यांनी जेवढं दिसतं त्यापेक्षा खाली २८०० मीटरवर पुष्कळांना जास्त दिसतं ते यामुळेच.

वेळेचं फार बोलत नाही कारण अमावस्या तुम्ही बघितलीच होती. फक्त इतकंच की नेमकी अमावस्या लागते असं नाही, चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे वद्य अष्टमीला मध्यरात्रीपर्यंत तुमचं राज्य असतं आणि शुद्ध चतुर्थीला चंद्र लवकर मावळून जातो. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्याशिवाय पूर्ण अंधार होत नाही, विषुववृत्ताजवळ त्याला सूर्यास्तानंतर सव्वा तास पुरतो, पण ४८.५ अंशांच्या वर जूनच्या अखेरीस उत्तर गोलार्धात तो रात्रभर होतच नाही, तेव्हा तिथे कितीही लांब जा. आणि डोळे. पूर्ण सरावायला तीस-चाळीस मिनिटं लागतात आणि फोनकडे एकदा बघितलं की परत शून्यापासून सुरुवात. अंधुक वस्तूकडे थेट बघू नका, जरा बाजूला बघा, ती कडेने दिसते. तुमचा तलाव राखाडी वाटला त्यात थोडा वाटा फोनचा पण असेल, असं मला उगाच वाटतंय.

प्रसिद्ध जागांबद्दल पण कुणीतरी विचारणारच. अंधार आणि कोरडी हवा दोन्ही हवं तर चिलीचं अटाकामा, तिथल्या पारानाल वेधशाळेची उंची २६३५ मीटर, आणि आकाशगंगेचं केंद्र जवळजवळ डोक्यावरून जातं, नामिबियात पण तसंच. ला पाल्मा बेटासाठी स्पेनने १९८८ मध्ये आकाश जपायचा कायदाच केला. लडाखमधलं हानले साडेचार हजार मीटरवर आहे, २०२२ पासून तिथे डार्क स्काय रिझर्व्ह आहे, पण वर ऑक्सिजनचं लिहिलंय ते विसरू नका, आधी दोन-तीन दिवस शरीराला सवय करा. न्यूझीलंडचं आओराकी मॅकेन्झी २०१२ पासून डार्कस्काय इंटरनॅशनल या अंधारं आकाश जपणाऱ्या संस्थेच्या यादीत, आणि निउए हा चिमुकला देश २०२० मध्ये अख्खाच्या अख्खा. मात्र या संस्थेचं सर्टिफिकेट म्हणजे जगातला सगळ्यात दाट अंधार असं समजू नका, ते दिवे आवरल्याबद्दल आणि लोकांना तिथे जाता येतं त्याबद्दल असतं. या यादीतलं पहिलं ठिकाण, २००१ मधलं, म्हणजे फ्लॅगस्टाफ, सत्तर हजारांवर वस्तीचं शहर आहे ते, सर्चलाईटवर बंदी १९५८ मध्ये घातलेलं. जर्मनीतलं वेस्टहाफेलांड बर्लिनपासून साधारण सत्तर किलोमीटरवर. मग तिथे पोचल्यावर पण काम तेच, घुमट कुठल्या बाजूला आहे ते बघायचं.

आता तुमचा तलाव. लगेच सोडू नका. शहर तलावाच्या उत्तरेला असेल तर दक्षिणेच्या काठाला जाऊन मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे तोंड करून बघा, कृत्तिका नाहीतर मृगासारखं काही उंच चढलेलं असेल तर त्यासाठी पण जागा पुरेशी आहे, आणि जवळ असल्यामुळे महिन्यातून दोनदा जाणं होईल, शंभर किलोमीटरवरच्या जागेला तुम्ही वर्षातून तीनदा जाल फार तर. शहर दक्षिणेला असेल तर मात्र त्याच रस्त्याने उलट्या दिशेला, शहराच्या पलीकडे साठ-सत्तर किलोमीटरवर शोधायला लागा. पुढच्या खेपेला आठ दिशांच्या मुठी मोजून लिहून आणा आणि शहर कुठल्या बाजूला पडतं तेही लिहा, मग तलाव ठेवायचा की सोडायचा ते नेमकं सांगता येईल.